बोलता येईल एवढंच पळायचं

धोंडूमामा गेल्याचं मला मधल्या सुट्टीत कळलं. शाळेत आता त्यांच्या जागी जे शिपाई आहेत, ते शिक्षकखोलीच्या दारात येऊन जरा घुटमळले आणि म्हणाले, "बाई, धोंडूमामा गेले. सकाळच्याला. हिर्डोशीवरनं फोन आलाय." माझ्या डब्यात अर्धी पोळी उरली होती. ती मी खाल्ली, डबा धुतला, मग एसटी स्टँडवर फोन लावून गाडीची चौकशी केली. हिर्डोशीकडं जाणारी गाडी तीनला होती. ती तिथं पोचेपर्यंत सगळं उरकलेलं असणार होतं, कारण धनगरवाड्यावरची माणसं पावसाच्या दिवसात वाट बघत बसत नाहीत. तेव्हा मी गेले नाही. उरलेले दोन तास घेतले. दुसऱ्या तासाला जिना चढताना लक्षात आलं, की मी दोन पायऱ्यांना श्वास आत घेते आहे आणि तीन पायऱ्यांना बाहेर सोडते आहे. ते मला त्यांनी शिकवलं होतं. वर्गात गेले तेव्हा मला अजिबात दम लागलेला नव्हता... त्या दिवशी तेवढंच जाणवलं. रडू वगैरे आलं नाही.

धोंडूमामा आमच्या शाळेचे शिपाई. मी भोरला बदलून आले त्याच्या कितीतरी आधीपासून ते तिथं होते. मूळचे हिर्डोशीच्या वरच्या अंगाच्या धनगरवाड्यावरचे. घरी शेळ्या-मेंढ्या, चार गाई आणि उतारावर थोडी नाचणी. आठवडाभर शाळेमागच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी शाळा सुटली की दुपारच्या गाडीनं घरी जायचे. घंटा, हजेरीपट, टपाल, पाण्याची टाकी ही सगळी कामं ते करायचेच, पण त्यांचा जीव मैदानात असायचा. क्रीडास्पर्धा जवळ आल्या की पांढऱ्या फक्कीची पाटी हातात घेऊन ते धावण्याच्या रेघा मारायला लागायचे. दोरी लावायचे नाहीत. समोर एक झाड धरायचे आणि त्याच्याकडं बघत मागं न पाहता चालत जायचे. रेघ सरळ यायची. संध्याकाळपर्यंत त्यांच्या भुवया, मिशा, शर्टाची कॉलर सगळं पांढरं झालेलं असायचं, आणि मुलं हसायची. तेही हसायचे.

आमची ओळख म्हणावी अशी ओळख झाली ती अशाच एका क्रीडास्पर्धेत. शेवटच्या दिवशी कुणाच्या तरी डोक्यातून शिक्षकांची शर्यत निघाली. शंभर मीटर. मी तेव्हा एक्केचाळीस वर्षांची होते आणि विज्ञान शिकवत होते. फुप्फुसं कशी असतात, पडदा खाली गेला की हवा आत कशी येते, रक्तात प्राणवायू कसा मिसळतो, हे मी दर वर्षी चार तुकड्यांना रंगीत खडूंनी समजावून सांगत असे. त्या दिवशी साठ-सत्तर मीटरवर माझ्या छातीत काहीतरी आवळल्यासारखं झालं आणि मी पळता पळता चालू लागले. मग चालवेना म्हणून नळापाशी जाऊन खाली बसले. नववीच्या मुली हसत होत्या. त्या मुद्दाम हसत नव्हत्या, त्यांना आवरत नव्हतं. धोंडूमामांनी तांब्या आणून दिला. मी पाणी पिऊ लागले तर म्हणाले, "आत्ता न्हाई. आदी फुंका."

"काय फुंकू?"

"हवा. तुमी श्वास नुसता घ्येता बाई, सोडतच न्हाई. आत जुनी हवा तशीच. नवी कुठं जायाची?"

मी फुंकर घातली. पुन्हा घातली. चौथ्या-पाचव्या फुंकरेला छाती सैल झाली. मी विज्ञानाची शिक्षिका, आणि मला हे शाळेच्या शिपायानं सांगितलं, याचं त्या क्षणी मला थोडं वाईट वाटलं हे खरं आहे. दुसऱ्या दिवशी मी त्यांना विचारलं, "तुम्हाला कसं कळलं?" ते घंटा पुसत होते. म्हणाले, "तीस वरसं मैदानाच्या कडंला हुभा हाय. पळणाऱ्याचे पाय समदी बघत्यात. म्या तोंडं बघत आलो."

पळायचं मी त्यानंतर दोन-तीन आठवड्यांनी ठरवलं. कारण सांगायचं तर फार मोठं नव्हतं. माझ्या वडलांना शेवटची काही वर्षं दोन खोल्यांमध्ये ये-जा करतानाही दम लागायचा आणि मला तसं व्हायचं नव्हतं. मिस्टर पुण्याला नोकरीला, मुलगी वसतिगृहात, तेव्हा सकाळ माझी मोकळी होती. बाजारातून बूट आणले, पहाट उजाडल्यावर उत्रोलीच्या रस्त्याला गेले आणि पळत सुटले. दोन विजेचे खांब ओलांडले आणि थांबले. असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी खांबापाशी धोंडूमामा उभे होते. शाळेतून कुणीतरी सांगितलं असणार. पायात चपला, अंगात स्वेटर, डोक्याला मफलर. "आज पळायचं न्हाई," म्हणाले. "आज चालायचं." आम्ही उत्रोलीपर्यंत चाललो आणि परत आलो. पुढचे दोन आठवडे रोज नुसते चाललो. मला कंटाळा आला. तसं मी म्हणालेही. त्यावर त्यांचं म्हणणं असं, की मेंढरं घाटानं वर न्यायची असली तर पहिला चढ त्यांना पळू द्यायचा नसतो. पळाली की अर्ध्यावर बसतात, आणि बसलेलं मेंढरू उठत नाही.

तिसऱ्या आठवड्यात एक खांब पळायचं आणि दोन खांब चालायचं. मग एक पळायचं, एक चालायचं. मग दोन आणि एक. त्यांनी कधी वेळ लावली नाही, त्यांच्याकडं घड्याळही नव्हतं. त्यांचा नियम एकच होता. पळताना बोलता आलं पाहिजे. "बोला," म्हणायचे. "काय बोलू?" "काय बी. पाडा म्हना." मग मी एकोणतीसचा पाढा म्हणत पळायचे. 'एकोणतीस सक' म्हणताना श्वास तुटला, की ते हात आडवा करायचे आणि आम्ही चालायला लागायचो. पाढा पूर्ण झाला, की पुढच्या दिवशी एक खांब वाढायचा, जास्त नाही. कधी माझ्या उजव्या बरगडीखाली कळ यायची. तेव्हा डावा पाय टेकताना श्वास सोडायला सांगायचे, आणि खरोखरच थोड्या वेळानं कळ जायची. त्याचं शास्त्रीय कारण मी नंतर शोधलं. ते सांगायला गेले तर म्हणाले, "कळ गेली ना? मंग झालं."

एकदा त्यांनी घरून एक फुंकणी आणली. चुलीत फुंकायची लोखंडी नळी, दोन्ही टोकांना झिजलेली. धूप घालायच्या कोळशाचा निखारा करायचा, फुंकणीतून त्याच्यावर फुंकायचं, आणि निखारा एकसारखा लाल ठेवायचा. ठिणगी उडाली तर जोर जास्त झाला, काळा पडला तर कमी झाला. "बायका हे जल्मभर करत्यात," म्हणाले, "म्हून हंडा घिऊन चढ चढताना बी बोलत्यात." मी गॅसवर स्वयंपाक करणारी. रोज संध्याकाळी देवापुढं निखारा घेऊन बसू लागले. पहिल्या दिवशी राख सगळ्या खोलीभर झाली. महिन्याभरानं पंधरा आकडे मोजेपर्यंत निखारा स्थिर राहायला लागला. श्वास म्हणजे घेणं नाही, सोडणं, हे मला फळ्यावरच्या आकृतीवरून कधी कळलं नव्हतं ते तिथं कळलं.

उन्हाळा संपता संपता मी उत्रोलीच्या पुढपर्यंत न थांबता जाऊ लागले होते. पाढे संपले होते. बोलायचं तर होतंच, तेव्हा मी इतर गोष्टी सांगू लागले. माझ्या वडलांच्या आजारपणाबद्दल, मुलीबद्दल, बदली होऊन भोरला आल्यावर पहिल्या वर्षी किती एकटं वाटायचं त्याबद्दल. शिक्षकखोलीत मी यातलं काही बोलले नसते. पळताना माणूस समोर बघत असतो, ऐकणाऱ्याचा चेहरा दिसत नाही, म्हणून जमलं असावं. मामा शेजारून पळायचे आणि "व्हय", "बरं", "मंग?" एवढंच म्हणायचे. त्यांनी स्वतःबद्दल फारसं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. मला वाटायचं, पद्धतच अशी आहे. शिकणाऱ्यानं बोलायचं आणि शिकवणाऱ्यानं श्वास ऐकायचा.

पावसाळ्यात खाचरांत भातलावणी चालू झाली, तेव्हा त्यांनी सायकल आणली. मी पळायचे, ते शेजारून सायकलवर. म्हणाले, "आता तुमची तुमी लय धरायला शिका. माज्या पावलावर पाऊल टाकायची सवय लागलीया तुमाला." ते बरोबरच होतं. मी त्यांच्या चपलांच्या आवाजावर पळत असे. तो आवाज बंद झाल्यावर पहिले काही दिवस माझं सगळं चुकलं, आणि मग माझी स्वतःची लय लागली. दिवाळीनंतर त्यांनी सायकलही सोडली. ओढ्यावरच्या साकवाच्या कठड्यावर बसायचे आणि मला सांगायचे, "वळणापातूर जाऊन या. एकट्यानं. म्या हितं हाय." मी जाऊन यायचे. तेही बरोबर होतं. शर्यतीत शेजारी कुणी नसतं.

मी शर्यत म्हणाले, कारण एव्हाना शर्यतीचं ठरलं होतं. वेल्ह्याला दर हिवाळ्यात एक धावण्याची स्पर्धा होते. नसरापूरच्या रस्त्यानं साडेदहा किलोमीटर जायचं आणि तेवढंच परत यायचं. त्या हिवाळ्यात मामांनी नाव देऊ दिलं नाही. "फुडल्या साली," म्हणाले. मला राग आला. त्या सुमारास रस्त्यावर पोलीस भरतीची तयारी करणारी मुलं पळायला यायची. एका सकाळी त्यांच्यातल्या दोघी मुली माझ्या शेजारून गेल्या, आणि मी त्यांच्या मागं लागले. मामा साकवावर होते, त्यांनी लांबून हाक मारली असावी. मी ऐकलं नाही. वळणापर्यंत मुलींच्या बरोबरीनं गेले आणि तिथं शेताच्या बांधावर कोसळले. उलटी झाली. डोळ्यांपुढं पिवळं दिसत होतं. मुली थांबल्या, त्यांनी पाणी दिलं, मी 'जा तुम्ही' म्हटलं तेव्हा गेल्या. मामा साकवावरून उठून माझ्याकडं येताना दिसले. ते चालत येत होते. हळूहळू, मध्ये थांबत, रस्त्याच्या कडेची झाडं बघत असल्यासारखे. मला वाटलं, ही शिक्षा आहे. वर्गात न ऐकणाऱ्या मुलाला मी पट्टी न मारता नुसतं उभं करते, तसं. ते येऊन पोचेपर्यंत मी उठून बसले होते. ते माझ्याशेजारी बांधावर बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर रोवून रस्त्याकडं बघत राहिले. मग म्हणाले, "दम म्हंजी काय बाई, तो आपला असतोय. दुसऱ्याच्या मापानं वापरला की संपतोय."

मी माफी मागितली. त्यांनी मान हलवली. परतीच्या वाटेवर दोघंही चाललो, आणि त्यांच्या चालीनं चाललो. मला बरं नव्हतं, म्हणून ते हळू चालत आहेत, असं मी धरून चालले.

पुढच्या मे महिन्यात ते निवृत्त झाले. शाळेनं शाल-श्रीफळ दिलं. बोला म्हटल्यावर ते उठले, हात जोडले आणि खाली बसले. खोली सोडून ते वाड्यावर राहायला गेले, पण रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीनं भोरला येत राहिले. एसटी स्टँडवरून साकवापर्यंत माझ्या स्कूटरवर मागं बसायचे. मी लांब पळून यायचे, कधी दीड तास, कधी दोन तास. ते तिथंच बसलेले असायचे. मी आले की माझ्या तोंडाकडं बघायचे आणि सांगायचे, "मधी कुठंतरी घाई केली तुमी," किंवा, "आज बरं झालं." ते कधी चुकल्याचं मला आठवत नाही. जाताना दर वेळी म्हणायचे, "एक डाव घराकडं या. ही भाकरी करंल." मी दर वेळी 'येते' म्हणायचे.

वेल्ह्याची शर्यत त्याच हिवाळ्यात झाली. थंडी होती, तोरण्याचा माथा धुक्यात होता. मामा आदल्या संध्याकाळीच वेल्ह्यात त्यांच्या एका पाहुण्याकडं येऊन थांबले होते. सुरुवातीच्या रेषेपाशी म्हणाले, "निम्म्या वाटंपातूर समदी फुडं जातील. जाऊ द्या. तुमी बोलत राव्हा." बाकीचे पळणारे कानात गाणी घालून पळत होते. मी पुटपुटत पळत होते. अर्ध्या वाटेवर मी अगदी शेवटच्या काहींमध्ये होते. परत फिरल्यावर एकेकजण चालताना दिसू लागला. शेवटचे तीन-चार किलोमीटर रस्ता चढत जातो. तिथं मी पहिल्यांदाच बोलणं बंद केलं आणि नुसती श्वास सोडत राहिले... दोन पावलांना आत, तीन पावलांना बाहेर. गावात शिरताना वळणावर मामा उभे होते. त्यांनी फक्त हात वर केला. मी पूर्ण केली. कितवी आले ते सांगण्यासारखं नाही, पण उभी राहून पूर्ण केली, आणि संपल्यावर मला बोलता येत होतं. मी बोलतच राहिले. त्यांना सगळी शर्यत सांगितली, कुठं चढ लागला, कुठं कुत्रं मागं लागलं, कुठं पाणी मिळालं नाही. ते चहाच्या टपरीच्या बाकावर बसून ऐकत होते. मी त्यांचा एक फोटो काढला.

त्यानंतर शाळेच्या परीक्षा आल्या, त्यांच्याकडं कुणाचंसं लग्न निघालं, रविवार चुकत गेले. मेमध्ये एका दुपारी मी भोरच्या स्टँडवर पुण्याच्या गाडीची वाट बघत होते, तेव्हा ते बाकावर बसलेले दिसले. खूपच वाळले होते. मांडीवर औषधांच्या दुकानातली कागदी पिशवी. मी शेजारी बसले. पिशवीतून श्वासाच्या पंपाचं टोक दिसत होतं, आणि मला तो चांगला ओळखता येत होता, कारण वडलांच्या उशाशी तो कायम असायचा.

"हे कधीपासून, मामा?"

"झाली की... चार वरसं."

मी हिशेब केला. माझी शाळेतली शंभर मीटरची शर्यत त्यानंतरची होती.

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"फुप्फुसं आखडल्यात. धूर, धूळ, फक्की, काय बी आसल म्हनं. पळू नका म्हनले." एवढं सांगून ते थांबले. मला आता ऐकू येत होतं. चार शब्द, मग श्वास. चार शब्द, मग श्वास. कुणालाही ऐकू आलं असतं. "चाला म्हनले. हळू."

"आणि तुम्ही माझ्याबरोबर पळत होता?" माझा आवाज चढला असावा, कारण शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं. "का पळत होता?"

ते हसले. "तुमी लई हळू पळत हुता म्हून."

मी पंप पिशवीत नीट आत सारला, तसे ते सांगू लागले.

"शाळंतल्या पोरांसंगं सकाळी पळायचो म्या पयलं. मंग जमंना. त्येंच्या मागं राहून बघायचो, ते बी जमंना. म्हनलं, झालं आता आपलं. आन मंग तुमी नळापाशी बसल्या." पुन्हा श्वास. "तुमच्यासंगं जमलं की. आठ म्हैनं जमलं. पळायला गावलं मला."

गाडी लागली. मी ती जाऊ दिली. मी त्यांना पुण्याला चला म्हटलं, माझ्या ओळखीच्या डॉक्टरांना दाखवू म्हटलं. ते ऐकून घेत राहिले, आणि मग म्हणाले, "माजं राहू द्या बाई. सध्याला किती पळताय?" मी आकडा सांगितला. "बोलता येतंय?" "येतं." "मंग बास." हिर्डोशीची गाडी आली. तिच्या तीन पायऱ्या चढायला त्यांना किती वेळ लागला, ते मी खाली उभी राहून पाहिलं. ती आमची शेवटची भेट.

नंतर मी वेल्ह्याचा तो फोटो मोठा करून पाहिला. टपरीचा बाक, हातात चहाचा पेला, चेहऱ्यावर हसू. खांदे वर उचललेले, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, मोकळा हात गुडघ्यावर घट्ट रोवलेला. श्वासासाठी छाती पुरेनाशी झाली की शरीर मान आणि खांदे कामाला लावतं, हे माझ्या वडलांच्या बाबतीत मला कुणी सांगावं लागलं नव्हतं. इथं मी शेजारी उभी राहून फोटो काढला आणि चढाची हकीकत सांगत राहिले. साकव, सायकल, बांधापर्यंत हळूहळू चालत येणं... सगळं मी शिकवण्याची पद्धत म्हणून समजून घेतलं. आता मागं वळून बघताना एक गोष्ट मात्र मला नीट उलगडत नाही. ती पद्धत खोटी नव्हती. सायकल आली तेव्हा मला स्वतःची लय लागायला हवी होती, आणि साकवावर ते बसले तेव्हा मला एकटीनं पळता यायला हवं होतं. त्यांचा दम जसा कमी होत गेला, तसा माझा वाढत गेला, आणि दर वेळी त्यांना जे झेपत होतं तेच मला हवं असायचं. हे त्यांनी जुळवलं, की आपोआप जुळलं, ते विचारायचं राहिलं.

भाद्रपदात ते गेले. दहाव्याला मी गेले नाही. शाळेचं कारण होतं आणि ते खरंही होतं, पण सुट्टी मागितली असती तर मिळाली असती. गेले ती महिनाभरानं, एका रविवारी. हिर्डोशीला गाडीतून उतरले तेव्हा मामांच्या पत्नी, हिराबाई, रस्त्यावरच उभ्या होत्या. मी येणार हे त्यांना कुणाकडून तरी कळवलं होतं. लहान चणीच्या, काटक बाई. "वाट चुकाल म्हून आले," म्हणाल्या. वाड्याची वाट डोंगराच्या सोंडेवरून जाते, अर्ध्या तासाची. पाऊस उघडला होता, गवत कमरेएवढं वाढून पिवळं पडायला लागलं होतं, आणि सगळीकडं कापणी चालू होती. हिराबाई पुढं चालत होत्या आणि बोलत होत्या. घरातलं, शेळ्यांचं, औंदाच्या नाचणीचं. मीही बोलत होते. चढ खडा होता, पण मला जाणवत नव्हता.

चढावरचं पहिलं वळण घेतल्यावर त्या एका जागी थांबल्या. वाटेच्या कडेला एक सपाट दगड होता, खाली दोन लहान दगड लावून पाटासारखा बसवलेला, मागं टेकायला मातीचा उंचवटा. "हितं बसायचे," म्हणाल्या. "पयल्या साली ह्यो एकच बसिवला. म्हनले, येता-जाता टेकाया बरा." पुढं शंभर-दीडशे पावलांवर दुसरा होता. मग तिसरा. जसजसं वर जाऊ, तसतसं दोन दगडांमधलं अंतर कमी होत होतं. मी मोजत नव्हते, हिराबाईच सांगत होत्या. हा गेल्या दिवाळीतला. हा शिमग्यातला. हा उन्हाळ्यातला, "तवा दगूड एकट्यानं हलंना, म्या पहार लावली." वाड्याच्या खालच्या टप्प्यावर तर दोन दगड इतके जवळ होते, की एकावर बसून दुसऱ्यावर पाय ठेवता आले असते. "मला वाईट वाटायचं," त्या म्हणाल्या. "म्हनायची, कशाला उनात दगडं लावत बसताय? तर म्हनायचे, बसायचं तर हायेच, मंग नीट बसू."

त्या चहा टाकायला पुढं गेल्या. मी मागं थांबले आणि त्या शेवटच्या दगडावर बसले. मला दम लागलेला नव्हता. खाली धरणाचं पाणी दिसत होतं, पलीकडं घाटाकडं जाणारा रस्ता, आणि त्यावरून जाणारा एक टेम्पो. मागचा मातीचा उंचवटा टेकून टेकून मधोमध खोलगट झाला होता. इतक्या थोड्या काळात एका माणसाच्या टेकण्यानं माती एवढी दबत नाही, हे माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला.

तेवढ्यात खालून एक बाई गवताचा भारा डोक्यावर घेऊन आल्या. साठीच्या असाव्यात. माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या, मान न हलवता, भाऱ्याखालून माझ्याकडं बघत. मी ओळखीची नाही याचं त्यांना काही वाटलेलं दिसलं नाही.

"सरका की बाई जरा," म्हणाल्या. "भारा टेकवायची जागा हाय ही."

मी सरकले. त्यांनी भारा मागच्या उंचवट्यावर टेकवला, माझ्याशेजारी बसल्या आणि तोंडानं एक लांब, सावकाश फुंकर सोडली.